वरच्या कुरणाची फळी

फळी पुन्हा पडली होती. आता माणसानं करावं तरी काय? ताईनं हातातली हातोडी बांधावर ठेवली, कमरेवर हात घेतले आणि त्या खिंडाराकडं बघत उभी राहिली. वरची फळी मधोमध मोडलेली, खालची खिळ्यांसकट उपटून आडवी झालेली. आत, जिथं माणसालासुद्धा पाय ठेवायची बंदी होती त्या गवतात, मेंढरं घरचंच कार्य असल्यासारखी निवांत चरत होती. सगळ्यांच्या पुढं गळ्यात घंटा अडकवलेला जाडजूड काळ्या तोंडाचा मेंढा. हा मेंढा कुणाचा, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. तो ताईच्या धाकट्या भावाचा म्होरक्या होता. तो जाईल तिकडं भावाचा कळप जायचा आणि हल्ली तो रोज इकडंच येत होता.

"या, या," ताई त्याला म्हणाली. "पोट भरलं का? की आणखी वाढू?"

म्होरक्यानं एकदा मान वर करून तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं.

या कुरणापायी तिनं काय काय सोसलं होतं ते तिचं तिलाच माहीत. डोंगराची ही वरची बाजू वस्तीतल्या सगळ्या मेंढपाळांची सामाईक. सामाईक म्हणजे कुणाचीच नाही, असं धरून प्रत्येकानं वाटेल तेव्हा मेंढरं घुसवली आणि बघता बघता डोंगराचं टक्कल पडलं. गवत उगवायच्या आत खाल्लं जायचं, बी धरायला काडी उरायची नाही. हिवाळ्यात खालचं रान संपलं की जनावरं उपाशी राहायची आणि माणसं एकमेकांच्या नावानं बोटं मोडायची. दोन वर्षं भांडभांडून शेवटी ठरलं की गवत उगवल्यापासून बी झडेपर्यंत वर एकही खूर जाणार नाही. बी झडलं की मग कुरण उघडायचं आणि हिवाळाभर प्रत्येकानं आपापल्या पाळीनं कळप न्यायचा. जो कुणी त्याआधी कुरण उघडेल त्याची हिवाळ्यातली पाळी बंद. हा शेवटचा नियम ताईनं सुचवला होता आणि राखणीचं कामही तिच्याच गळ्यात पडलं, कारण दुसऱ्या कुणाला वाईटपणा घ्यायचा नव्हता. तिला वाईटपणाचं काही वाटायचं नाही. माघारी लोक तिला 'कुंपण' म्हणायचे, तेही तिच्या कानावर होतं.

कुंपणाबद्दल बोलायचं तर ते खरोखर तिचंच होतं. बांध सगळ्यांनी मिळून दगडांचा रचला, पण जिथं जिथं जुन्या वाटा वर जात होत्या तिथं खिंडारं राहिली. सरकारी कार्यालयातून गवत मोजायला एक बाई यायच्या. वस्ती त्यांना गवताच्या बाई म्हणायची. त्या म्हणाल्या, तार देते. ताई म्हणाली, तुमची तार तुम्हालाच लखलाभ, आमच्याकडं फळ्या आहेत. पाण्याच्या टाकीजवळ जनावरांचं मीठ ठेवायची जुनी लाकडी खोली होती. आजोबांच्या वेळेपासून तिथं पोत्यांच्या थप्प्या लागायच्या. छप्पर बसलं म्हणून ती पाडायचं ठरलं, तेव्हा ताईनं एकेक फळी मोजून उतरवून घेतली. असलं लाकूड आता बघायला मिळत नाही, असं ती पुढं कित्येक महिने भेटेल त्याला ऐकवत होती. खिंडारं बंद करून उरलेल्या फळ्या तिनं मोठ्या मनानं भावाला दिल्या आणि त्यानं त्या घराच्या माळ्यावर टाकून ठेवल्या.

आणि आता हे.

मेंढरं हाकून तिनं खाली आणली आणि थेट भावाच्या वाड्यावर गेली. वाडा म्हणजे मेंढरांचा वाडा, बांधाच्या सर्वांत जवळचा. भाऊ एका मेंढीचं खूर मांडीवर घेऊन त्यातला खडा काढत होता.

"तुझे पाहुणे आणलेत," ताई म्हणाली.

भावानं वर बघितलं आणि कपाळाला हात लावला. "पुन्हा?"

"मला काय विचारतोस पुन्हा? मी विचारते, पुन्हा?"

"ताई, मी फळी काढली नाही."

"मग काय मेंढरांनी काढली? हात फुटले त्यांना?"

"मला काय माहीत! सोडली की सरळ तिकडंच पळतात. ओरडून ओरडून माझा घसा बसला. आधी कधी अशी करत नव्हती."

"आधी कुरण बंद नव्हतं. तुला ते बंद करायचंही नव्हतं. सगळ्यांसमोर बोलला होतास."

"बोललो होतो. मग तुम्ही सगळ्यांनी ठरवलंत आणि मी हो म्हणालो. तेही सगळ्यांसमोरच म्हणालो."

भावाची बायको दारातून बघत होती. ती शांत बाई, सहसा मध्ये पडायची नाही. पण आज म्हणाली, "ताई, हे खरंच नाही जात तिकडं. दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर असतात."

"तू त्याची बायको आहेस," ताई म्हणाली. "तू असंच म्हणणार."

हे बोलायला नको होतं, हे तिला बोलतानाच कळलं. पण तिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की थांबायचा नाही, हा जन्मापासूनचा दोष.

त्यानंतर तिनं खिळे लांब वापरले. फळ्यांना दोर आवळला. फळीच्या मागं दगड रचले. तरी चार-दोन दिवसांत कुठली ना कुठली फळी पडलेलीच. कधी इतरांचीही मेंढरं आत सापडायची, नाही असं नाही, पण पहिला मान म्होरक्याचा. एका दुपारी ती मुद्दाम खडकाआड लपून बसली. भाऊ आला नाही. आली ती मेंढरं, आणि फळ्यांना डोकी लावून उभी राहिली. तेवढं बघायचाच अवकाश, ताई ताडकन उठली आणि खडे मारून तिनं त्यांना पिटाळून लावलं. जरा दम धरला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण दम धरणं हा प्रकार तिच्या घरात फक्त आईला जमायचा.

आई तिच्याकडंच राहायची. दोन्ही लेकरांची भांडणं लहानपणापासून सोडवून सोडवून तिचा जीव मेटाकुटीला आलेला.

"त्याला फळी काढताना बघितलंस का?" आईनं विचारलं.

"बघायला कशाला हवं? सरळ दिसतंय."

"बघितलंस का, एवढंच विचारतेय."

"आई, तू त्याचीच बाजू घेणार. धाकटा ना."

आईनं भांडी जरा जोरात मांडणीवर ठेवली आणि विषय संपवला.

पुढच्या बैठकीत टाकीच्या सावलीत सगळे जमले. गवत फुलोऱ्यावर आलं होतं आणि अर्ध्या कुरणाचा फुलोरा मेंढरांच्या पोटात गेला होता, त्यामुळं सगळ्यांचीच डोकी तापलेली. जो तो विचारत होता, कोण उघडतंय, कोण उघडतंय. ताई उभी राहिली आणि तिनं भावाचं नाव घेतलं. स्वतःच्या भावाचं नाव घेताना आपण किती न्यायानं वागतोय, असंही तिला क्षणभर वाटलं. खोटं कशाला सांगा, वाटलं.

"नक्की?" एका म्हाताऱ्या मेंढपाळानं विचारलं. "हिवाळ्याची पाळी बंद म्हणजे पोटावर पाय आहे. नीट विचार करून बोल."

"नक्की," ताई म्हणाली.

भाऊ थट्टेखोर माणूस. बैठकीत त्याच्या शेजारी बसायला लोक धडपडायचे. त्या दिवशी तो उठला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता काहीतरी टोला हाणेल. तो म्हणाला, "मी फळी काढली नाही. पण तुमचा विश्वास नसेल तर राहिलं. हिवाळ्यात वर पाळी नाही म्हणजे मेंढरं ठेवून मी करू काय, त्यांना गोष्टी सांगू?" कुणी हसलं नाही. तो चप्पल पायात सरकवून निघून गेला.

दोन दिवसांत बातमी आली की त्यानं व्यापाऱ्याला बोलावलंय. सगळा कळप विकायचा आणि शहरात जाऊन कुणाची तरी गाडी चालवायची.

"नाटकं आहेत," ताई म्हणाली. "मला दाखवायला."

"असतील," आई म्हणाली. "तुझं गवत मात्र वाचलं बघ. तुमचा बाप मरताना हा कळप त्याच्या हातात देऊन गेला, त्याचं काय एवढं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई चहा घेत होती तेव्हा रस्त्यावरून व्यापाऱ्याचा टेम्पो खाली जाताना ऐकू आला आणि त्याच्यासोबत म्होरक्याच्या घंटेचा आवाज. हा आवाज कायम डोंगराच्या बाजूनं यायचा. तो रस्त्यानं, गाडीच्या वेगानं लांब जाताना ऐकून ताईच्या हातातला चहा तसाच राहिला. आईनं काठी घेतली आणि भावाच्या वाड्याकडं चालू लागली. ताई चरफडत तिच्या मागं गेली. म्हातारीला एकटीला कसं सोडायचं, एवढंच कारण तिनं स्वतःला दिलं.

पहिल्या खेपेत अर्धा कळप गेला होता. तो भरायला काही त्रास झाला नाही म्हणे. म्होरक्याला दोरीनं ओढून पुढं केलं, तो फळीवरून टेम्पोत चढला आणि बाकीची मुकाट्यानं त्याच्यामागं चढली. म्होरक्यामागं जायचं एवढंच त्यांना ठाऊक. टेम्पो हमरस्त्यावर उभ्या असलेल्या मोठ्या ट्रकमध्ये त्यांना उतरवून परत आला आणि दुसऱ्या खेपेला मात्र घोडं अडलं. म्होरक्या नाही, पुढं कोण जाणार?

व्यापाऱ्यानं ओढून बघितलं, ढकलून बघितलं. भाऊ एका बाजूला उभा होता, हात लावत नव्हता. भावजय भिंतीला टेकून जमिनीकडं बघत होती. मेंढरं टेम्पोला लावलेल्या उतरत्या फळ्यांपर्यंत यायची, चढायच्या ऐवजी तिथंच थांबायची आणि माना खाली घालायची.

"काय डोक्याला ताप आहे," व्यापारी म्हणाला. "अहो, ही चाटत काय बसलीत? माझी फळी खाऊन टाकतील."

"तुमची नाही," भाऊ म्हणाला. "माझी आहे. ताईनं दिलेली."

ताईनं बघितलं. मेंढरं दाटीवाटीनं फळ्यांना भिडली होती. जिभा खरखर चालत होत्या. जिला जागा मिळाली नव्हती ती दुसरीच्या अंगावर चढत होती, आणि एक तर फळीची कड दातात धरून कुरतडत होती. सगळ्यांचा भार येऊन फळी जागची हलली आणि खटकन एका बाजूनं निसटली. अगदी तसाच आवाज. ती लांब खिळे ठोकून घरी परतायची तेव्हा पाठीमागून कधीतरी यायचा तसा.

ताई पुढं झाली. मेंढरांना कोपरानं बाजूला सारत ती फळीपाशी गुडघ्यांवर बसली. फळीवर फिक्या हिरव्या रंगाचा पट्टा होता, मिठाच्या खोलीचा. जिथं पोती टेकायची तिथं लाकूड वर्षानुवर्षं पांढुरकं पडलेलं. तिनं बोट फिरवून बघितलं, मग सगळ्यांच्या देखत वाकून फळीला जीभ लावली.

"झालं," व्यापारी म्हणाला. "आता बाईही चाटायला लागल्या."

लाकूड खारट होतं. नुसतं नावाला नव्हे, तोंड वाकडं व्हावं इतकं. आजोबांपासूनचं मीठ त्यात मुरलेलं आणि ताईनं ते स्वतःच्या हातानं, खिळे ठोकून, नेमकं बंद कुरणाच्या तोंडाशी लावलं होतं. मेंढरांना आमंत्रणच धाडलं म्हणा ना.

"टेम्पो थांबवा," ती म्हणाली.

"थांबलेलाच आहे, बाई."

"मग जाऊ नका." ती भावाकडं वळली. "ही फळी चाट."

"काय?"

"चाट म्हणते ना. एकदा तरी माझं ऐक."

भावानं तिच्याकडं बघितलं. वाकला, फळीला जीभ लावली, सरळ झाला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू सगळं उमटत गेलं. मग तो फळीच्या टोकावर बसला. मेंढरं त्याच्या दोन्ही बाजूंनी चाटतच होती.

"म्हणजे मेंढरांनीच काढली," तो म्हणाला.

"हो," ताई म्हणाली.

"हात न फुटताच."

"हो रे बाबा, हो."

एरवी यावर ती दोघं पोट धरून हसली असती. आईलाही वाटलं आता हसतील. पण भाऊ म्हणाला, "म्होरक्या गेला, ताई."

ताईनं व्यापाऱ्याला धारेवर धरलं. ती गेलेली मेंढरं परत आण म्हणाली, हातापाया पडली, शेवटी धमकावलंही. तो बिचारा भला माणूस. त्यानं तिच्यासमोरच फोन लावला. ट्रक केव्हाच निघाला होता, त्यात आणखी चार ठिकाणची जनावरं एकत्र झाली होती आणि ती कुठल्या बाजारात उतरतील याचा ट्रकवाल्यालाच पत्ता नव्हता. "ही उरलेली नेत नाही," व्यापारी म्हणाला. "व्यवहार अर्ध्यावर मिटला असं समजतो. पण गेलेल्याचं मी काय करू, तुम्हीच सांगा." त्याच्यावर ओरडण्यात अर्थ नव्हता. ओरडायचं ते ज्या माणसावर, ते माणूस तिथं गुडघ्यांवर बसलेलं होतं.

"मला रागावून घे," ताई भावाला म्हणाली. "जे बोलायचं ते बोल."

"बोलून दमलो मी," भाऊ म्हणाला. "मी एकच वाक्य बोलत होतो, महिनाभर. तेवढं ऐकलं असतंस तर पुरे होतं."

त्याच संध्याकाळी ताईनं बैठक बोलावली. एक फळी काखेत मारून नेली आणि सगळ्यांना चाटायला लावली. लोक आधी हसले, मग त्यांच्या ध्यानात आलं. भावाची पाळी परत द्यायला कुणाचीच हरकत नव्हती. मग ताई म्हणाली की नियम असा आहे, जो कुरण उघडेल त्याची हिवाळ्याची पाळी बंद. कुरण मी उघडलंय.

"तू काय मुद्दाम केलंस का," तोच म्हातारा मेंढपाळ म्हणाला. "चूक झाली. जाऊ दे."

"नियमात मुद्दाम असं कुठं म्हटलंय? आणि भावाला मी विचारलं होतं का, मुद्दाम केलंस की चुकून?"

लोकांनी समजावून बघितलं, पण तिच्यापुढं सगळ्यांनी हात टेकले. गवताच्या बाई आल्या तेव्हा ताईनं मान खाली घालून तार मागून घेतली आणि एकेक खिंडार तारेनं बंद केलं. त्यानंतर आत एकही मेंढरू गेलं नाही. उरलेल्या अर्ध्या कुरणानं बी धरलं आणि वाऱ्यावर ते सगळीकडं पसरलं.

कुरण उघडायच्या दिवशी पहिली पाळी भावाची होती. ताई तार बाजूला करून खिंडारापाशी उभी राहिली. भावाचा उरलेला कळप बांधापर्यंत आला आणि तिथं घोटाळला. एक मेंढरू पुढं जायचं, मागं वळून बघायचं, परत फिरायचं. पुढं घंटा नव्हती. भावानं हाका मारल्या, भावजयीनं मागून हाकलली, तरी ती एकमेकांभोवतीच गोल फिरत राहिली. ताईला ते बघवेना. ती खाली आपल्या वाड्यावर गेली आणि स्वतःच्या कळपाचा म्होरक्या दोरीनं ओढत घेऊन आली. मागं तिची मेंढरं कुडाला डोकी लावून ओरडत होती.

"हा घे," ती म्हणाली. "कायमचा."

भावानं मेंढ्याकडं बघितलं. "ह्याला ऐकायला येतं का? की तुझ्यावर गेलाय?"

कितीतरी दिवसांनी तो असं काही बोलला होता. ताईनं दोरी त्याच्या हातात कोंबली.

मेंढा आत शिरला. त्याच्या गळ्यातली घंटा वाजली आणि भावाचा कळप एका मागोमाग एक त्या वाळलेल्या, उंच गवतात निघाला. भाऊ सगळ्यात शेवटी राहिला. तो खिंडारात थांबला आणि खाली, ताईच्या वाड्याकडं बघू लागला.

"तुझी चार मेंढरं माझ्यात घाल," तो म्हणाला. "हिवाळाभर काय खातील ती? एवढ्या गर्दीत कोण मोजायला बसलंय?"

"मी बसलेय," ताई म्हणाली.

तिनं त्याला हातानं आत ढकललं आणि बाहेरून तार लावून घेतली.